डॉक्टरसुद्धा घेतात, म्हणजे थोडी चालत असणार?

लिव्हरचे वाढलेले आकडे दाखवून "दारू बंद करा" म्हटलं की पेशंट खाली बघतो आणि सोबत आलेला मेहुणा बोलतो. "पण डॉक्टर, आमच्याकडचे मोठे सर्जन रोज रात्री दोन पेग घेतात. त्यांना काय कळत नाही का?" ओपीडीत हा प्रश्न वरचेवर येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दारू शरीराचं काय करते हे ज्याला सगळ्यात जास्त माहीत, तोच पीत असेल, तर लोक दोनच अर्थ काढतात. थोडी दारू खरंच चालत असावी, नाही तर डॉक्टर आपल्याला उगाच घाबरवत असावेत.

दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. डॉक्टर साधारण त्यांच्याच आर्थिक-सामाजिक थरातल्या इतर लोकांइतकी पितात, फार कमी नाही आणि फार जास्तही नाही. पुस्तकात वाचलेल्या सिऱ्होसिसमुळे (यकृत कडक होत निकामी होण्याचा आजार) त्यांचा हात ग्लासपाशी थांबत नाही. फरक पडतो तो पुढे. दारू हाताबाहेर जायला लागली की डॉक्टरचं ज्ञान, त्याची प्रतिष्ठा आणि औषधं लिहायचा अधिकार या तिन्ही गोष्टी त्याला लपायला मदत करतात.

सिगारेट सुटली, ग्लास राहिला

१९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या सुमारे साठ हजार डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. चाळीस हजारांवर डॉक्टरांनी उत्तरं दिली. त्यांतल्या पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढची पन्नास वर्षं घेतला गेला आणि २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षाने जगभर खळबळ उडवली. आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातो. पण निकाल पूर्ण हाती यायच्या कितीतरी आधी, १९५० आणि ६० च्या दशकांतच, ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी मोठ्या संख्येने सिगारेट सोडायला सुरुवात केली होती. आपल्याच सहकाऱ्यांच्या मृत्यूंचे आकडे समोर होते. उत्तर सरळ होतं: कमी केली तर बरं, बंद केली तर उत्तम.

दारूच्या बाबतीत उत्तर इतकं सरळ मिळालं नाही. १९७८ मध्ये याच अभ्यासातल्या डॉक्टरांना दारूबद्दलही विचारलं गेलं. बारा हजारांवर डॉक्टरांचा तेरा वर्षं पाठपुरावा झाला आणि १९९४ मध्ये निकाल आला तो इंग्रजी यू अक्षरासारखा. अजिबात न पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण थोडं जास्त, आठवड्याला ८ ते १४ युनिट पिणाऱ्यांमध्ये सगळ्यात कमी आणि त्यापुढे पुन्हा चढतं. लोकांच्या लक्षात यातला मधला भागच राहिला. 'थोडी घेतलेली हृदयाला चांगली' हे वाक्य आजही पार्ट्यांमध्ये फिरतं आहे, आणि ते सगळ्यात आत्मविश्वासाने म्हणणारी माणसं बहुतेक वेळा डॉक्टर असतात.

या वाक्यात तीन अडचणी आहेत. एक तर ब्रिटनचं एक युनिट म्हणजे फक्त ८ ग्रॅम अल्कोहोल. आठवड्याला ८ ते १४ युनिट म्हणजे आपल्याकडच्या व्हिस्कीचे तीस मिलीचे सहा ते अकरा छोटे पेग, तेही सात दिवसांत विभागून. दुसरं, न पिणाऱ्यांच्या गटात कोण असतं? जन्मात न प्यालेले असतात, तसेच आजारपणामुळे सोडलेलेही असतात. आधीच हृदय किंवा यकृत बिघडलेला माणूस 'न पिणारा' म्हणून मोजला गेला की न पिणं धोक्याचं दिसायला लागतं. बेताने पिणारे लोक सहसा सुस्थितीतले, बरं खाणारे, वेळेवर तपासण्या करणारे असतात, त्याचं श्रेयही ग्लासला जातं. तिसरं, त्याच १९९४ च्या निबंधात स्पष्ट लिहिलेलं होतं की यकृताचे आजार, तोंड-घसा-अन्ननलिकेचे कॅन्सर, अपघात यांमुळे होणारे मृत्यू दारूच्या प्रमाणाबरोबर वाढतच जातात. तिथे यू नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं द्रव्य, असं १९८८ मध्येच ठरवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने आणखी स्पष्ट सांगितलं की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही.

पेगचा हिशोब

डॉक्टर असो वा पेशंट, दारूचं प्रमाण कमी सांगतात ते दर वेळी खोटेपणाने नाही. कित्येकदा मोजमापच चुकतं.

आपल्याकडच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, साठच्या मोठ्या पेगमध्ये २०. एक क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली 'बिअरच तर आहे' म्हणून संपवली जाते, तिच्यात ४० ग्रॅम असतं, म्हणजे दोन मोठ्या पेगांइतकं.

आता एका कल्पित सर्जनला ऑडिट-सी नावाची छोटी चाचणी लावू. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या दहा प्रश्नांच्या चाचणीतले हे पहिले तीन प्रश्न. किती वेळा पिता, एका बैठकीत किती ड्रिंक, आणि सहा किंवा जास्त ड्रिंक एकाच बैठकीत किती वेळा होतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. मूळ चाचणीत एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम. आपले सर्जन आठवड्यातून तीनदा पितात, दोनदा दोन-दोन मोठे पेग आणि शनिवारी मित्रांबरोबर तीन. त्यांच्या मनात हिशोब असतो, 'दोन ड्रिंक, शनिवारी तीन'. त्याप्रमाणे गुण येतात ३ अधिक शून्य अधिक शून्य, एकूण ३. पुरुषांसाठी धोक्याची खूण सहसा ४ किंवा ५ वर धरतात, म्हणजे सर्जन पास. पण मोठा पेग दोन ड्रिंकांचा असतो हे लक्षात घेतलं की तेच दोन पेग चार होतात आणि शनिवारचे तीन पेग सहा. मग गुण होतात ३ अधिक १ अधिक दर आठवड्याचे ३, एकूण ७. पिणं तसूभरही बदललेलं नाही, तरी माणूस निर्धोक गटातून थेट तपासणीची गरज असलेल्या गटात आला.

सर्जन आणि आकडे

याच तीन प्रश्नांवर आधारलेला सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या सर्जन मंडळींचा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. सात हजारांवर सर्जननी उत्तरं दिली. त्यांतल्या १५.४ टक्के लोकांचे गुण दारूचा गैरवापर किंवा अवलंबित्व दाखवणारे निघाले. पुरुषांत १३.९, स्त्रियांत २५.६ टक्के. तीन वर्षांनी सगळ्या शाखांच्या डॉक्टरांचा असाच अभ्यास झाला, त्यात पुरुष १२.९ आणि स्त्रिया २१.४ टक्के.

हे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात तेव्हा 'दर चौथी लेडी सर्जन बेवडी' अशा भाषेत फिरतात, आणि मला त्याची चीड येते. हा अभ्यास चाचणीच्या गुणांचा आहे, कुणी समोर बसवून केलेलं निदान नाही. ज्यांना प्रश्नावली पाठवली त्यांतल्या तीनपैकी एकानेही उत्तर दिलं नव्हतं. स्त्रियांसाठी धोक्याची खूण एका गुणाने खाली ठेवलेली असते, कारण स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढीच दारू रक्तात जास्त चढते आणि यकृताला लवकर नडते. म्हणजे कमी पिऊनही स्त्री त्या गटात मोजली जाते. हे सगळं वजा केलं तरी काही उरतंच. घर आणि हॉस्पिटल दोन्हीकडची ड्युटी एकाच बाईच्या डोक्यावर असते आणि मदत मागितली तर 'आधीच सांगितलं होतं, सर्जरी बायकांना झेपत नाही' हे ऐकावं लागतं. उपचार लांबवायला एवढं कारण पुरतं.

त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष मला टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आधीच्या तीन महिन्यांत हातून गंभीर चूक झाल्याचं ज्यांनी कबूल केलं, ज्यांच्यात थकून रिकामं होण्याची किंवा नैराश्याची लक्षणं होती, त्यांच्यात दारूचा त्रास जास्त होता. दारूमुळे चूक झाली की चुकीच्या अपराधी भावनेने ग्लास भरला, हे असा एकदाच केलेला अभ्यास सांगू शकत नाही. टेबलावर पेशंट गेलेला डॉक्टर त्या रात्री कुठे जातो, कुणाशी बोलतो, हा प्रश्न मात्र त्यातून उभा राहतो.

झोप, जेवण आणि स्वतःचंच औषध

दारूची सवय एकटी वाढत नाही. डॉक्टरच्या बाबतीत ती झोपेच्या कडेने वाढते.

रेसिडेंटच्या, म्हणजे हॉस्पिटलात शिकत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरच्या, ड्युट्या सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत साधारणपणे सलग बारा तासांहून जास्त काम नको असं लिहिलेलं आहे. वॉर्डात छत्तीस तासांची ड्युटी अजूनही कुणाला नवलाची वाटत नाही. महाराष्ट्रात मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या मागण्यांमध्ये कामाचे तास पुन्हा पुन्हा येतात ते यामुळेच. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि आठवड्यातून एक सुट्टी सुचवली.

१९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी जागरणाची आणि दारूची तुलना केली. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं हाताचं कौशल्य रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं. चोवीस तासांनंतर ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे थेंबभरही न घेतलेला रेसिडेंट रात्रभराच्या ड्युटीनंतर अशा अवस्थेत असतो की तेवढी दारू रक्तात सापडली असती तर पोलिसांनी त्याची गाडी अडवली असती. त्याच अवस्थेत तो पेशंटच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइनची नळी टाकतो.

असा माणूस ड्युटी संपवून खोलीवर येतो. अंग थकलेलं, मेंदू मात्र मॉनिटरच्या टिकटिकीवर अजून ताठ. दोन पेग घेतले की पटकन डोळा लागतो, हे खरं आहे. पण दारू उतरायला लागली की रात्रीचा दुसरा भाग तुटक होतो, स्वप्नांची झोप कमी होते आणि पहाटे घाम येऊन जाग येते. दुसऱ्या दिवशी थकवा जास्त, म्हणून रात्री ग्लास पुन्हा लागतो. काही महिन्यांत दोन पेगांनी झोप येईनाशी होते. इथे सामान्य माणूस आणि डॉक्टर यांच्या वाटा वेगळ्या होतात. सामान्य माणसाला झोपेची गोळी हवी असेल तर कुणाकडे तरी जावं लागतं. डॉक्टर स्वतःच अल्प्राझोलामसारखी गोळी लिहितो किंवा खालच्या मेडिकलवाल्याला फोन करतो. दारू आणि ही गोळी दोन्ही मेंदूला एकाच दिशेने दाबतात, एकत्र घेतल्या तर श्वास मंदावतो. डॉक्टरला हे पाठ असतं, आणि तरीही तो डोस स्वतःच ठरवतो.

बाकीची दिनचर्याही याला पूरकच असते. दुपारचं जेवण चार वाजता, रात्रीचं साडेअकराला. व्यायाम 'एकदा प्रॅक्टिस बसली की' सुरू होणार असतो. स्वतःचा फॅमिली डॉक्टर बहुतेकांना नसतो. बीपी वाढलं तर कॉरिडॉरमध्ये मित्राला विचारून गोळी सुरू होते. ज्या एका माणसाने 'किती घेतोस रे?' असं शांतपणे विचारायला हवं, तो डॉक्टरच्या आयुष्यात नसतोच. कॉन्फरन्सची कॉकटेल डिनर मात्र असतात. औषध कंपन्यांचं आदरातिथ्य स्वीकारायला डॉक्टरांना २००९ पासून बंदी आहे, २०२४ मध्ये कंपन्यांसाठीही आचारसंहिता आली. तरी शास्त्रीय सत्र संपलं की बार उघडायचाच, हा संकेत टिकून आहे, आणि न घेणाऱ्या तरुण डॉक्टरला संध्याकाळभर कारणं सांगत फिरावं लागतं.

सकाळी आठला काय उरतं

यकृत तासाला साधारण ८ ग्रॅम दारू निकाली काढतं. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. साडेनऊला सुरू झालेल्या पार्टीत चार मोठे पेग झाले तर ८० ग्रॅम होतात. त्यांना दहा तास लागतात, म्हणजे सकाळचे साडेसात. ज्यांचं यकृत हळू चालतं त्यांचे नऊ. सकाळी आठला राउंडवर उभ्या असलेल्या माणसाला स्वतःला दारू चढल्यासारखं अजिबात वाटत नसतं. रक्तातली दारू शून्यावर आल्यानंतरही काही तास लक्ष आणि हाताची चपळाई पूर्ण परतत नाही. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशनच्या, आदल्या रात्री न पिण्याचा नियम नैतिकतेचा वगैरे नाही, एवढा साधा गुणाकार-भागाकार आहे.

लपणं कसं घडतं

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतले एक डॉक्टर होते. अमेरिकेतल्या ॲक्रन गावचे सर्जन डॉ. बॉब स्मिथ. १९३५ सालच्या जूनमध्ये त्यांनी शेवटची दारू घेतली, ती दुसरे संस्थापक बिल यांनीच दिलेली एक बिअर होती. त्या सकाळी डॉ. बॉब यांना ऑपरेशन करायचं होतं आणि हात थरथरत होते. रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या दाबाला सरावलेला असतो, तो दाब अचानक उठला की मज्जातंतू उसळतात, हात कापतात, कधी फिट येते. बिअरने तो कंप तेवढ्यापुरता थांबला. पुढे पंधरा वर्षं, मरेपर्यंत, ते प्याले नाहीत आणि हजारो व्यसनी माणसांवर त्यांनी उपचार केले.

या प्रसंगात मला सगळ्यात भयंकर वाटतं ते हे, की तोवर ते ऑपरेशन करत होते. डॉक्टरच्या व्यसनात काम सगळ्यात शेवटी ढासळतं. आधी संसार विस्कटतो, मग मित्र तुटतात, पैसे आणि तब्येत जाते. ओपीडी मात्र चालू असते, कारण ओळख, उत्पन्न आणि घरच्यांना द्यायचं उत्तर, सगळं तिथेच असतं. ओटीत वास आला तेव्हा सिस्टरला, वॉर्डबॉयला, भूलतज्ज्ञाला कधीचं ठाऊक असतं. ज्युनिअर बोलत नाही कारण सर परीक्षक आहेत. बरोबरीचे बोलत नाहीत कारण 'त्याच्या पोटावर पाय कशाला'. हॉस्पिटलचे मालक बोलत नाहीत कारण सर केसेस आणतात. प्रत्येकाचं गप्प बसणं त्याच्यापुरतं समंजस असतं आणि सगळ्यांचं मिळून एका माणसाला मरणाच्या दारात नेऊन ठेवतं, पेशंटना धोक्यात घालतं ते वेगळंच.

उपचार लागू पडतात

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत डॉक्टरांसाठी वेगळे आरोग्य कार्यक्रम आहेत. डॉक्टर स्वतः येतो किंवा सहकारी कळवतात. त्याला उपचारांना पाठवतात, मग साधारण पाच वर्षं केव्हाही बोलावून लघवीची तपासणी, गटसभा आणि कामावर देखरेख. नीट वागला तर परवाना शाबूत, नाही तर परवाना देणाऱ्या वैद्यकीय परिषदेकडे प्रकरण. २००८ मध्ये सोळा राज्यांतल्या ९०४ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्यांचं मुख्य व्यसन दारू होतं. पाच वर्षांच्या तपासण्यांमध्ये सुमारे ७८ टक्के डॉक्टरांची एकही चाचणी सदोष निघाली नाही. व्यसनाच्या उपचारांत असे आकडे क्वचित दिसतात. डॉक्टरांची इच्छाशक्ती मोठी म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. देखरेख लांबलचक होती, गमावण्यासारखं खूप होतं आणि परत येण्याचा रस्ता आधीपासून आखून दिलेला होता.

आपल्या देशात परवान्याशी जोडलेली, पाच वर्षं पाठीशी उभी राहणारी अशी व्यवस्था अजून नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमांत, व्यवसायावर परिणाम करणारं मद्यपान ड्युटीवर असो वा नसो, गैरवर्तन ठरवलं होतं. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. शिक्षेचं कलम लिहून झालं होतं, उपचाराची वाट मात्र कुणी आखली नव्हती. आणि नुसत्या शिक्षेच्या भीतीने माणूस आणखी खोल लपतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण उभं केलं ते डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या दोन डॉक्टरांनी. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी आली त्या लोकचळवळीमागेही डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग होते. पेशंटच्या दारूबद्दल इतकं काम केलेल्या राज्यात डॉक्टरांच्या दारूबद्दल वैद्यकीय परिषद आणि आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखा यांनी एकत्र बसून एक गोपनीय कार्यक्रम सुरू करणं अशक्य नाही.

तोवर जे हातात आहे ते बरंच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत घेतलं आहे आणि उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. डॉक्टरही रुग्ण म्हणून त्यात येतो. आपल्या गावात नको असेल तर दुसऱ्या शहरातला मानसोपचारतज्ज्ञ गाठता येतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येतं. रोज पिणाऱ्याने मात्र एका रात्रीत, एकट्याने, घरी दारू तोडू नये. फिट आणि भ्रमाचा धोका खरा आहे, पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेखीखालीच काढावेत. आणि स्वतःची औषधं स्वतः लिहिणं त्याच दिवशी थांबवावं.

मेहुण्याला मी काय सांगतो? ते सर्जन दोन पेग घेत असतील तर ते मोठे की छोटे हे त्यांनाही विचारायला हवं, आणि त्यांचा एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचा आकडा, शेवटचा कधी तपासला तेही. मग रिपोर्ट पुन्हा पेशंटकडे सरकवतो आणि विचारतो, "तुमचा पेग किती मिलीचा?"